सहावा रकाना: स्वभाव

सीताबर्डीला, जिन्याखालच्या आठ बाय सहात
मी लग्नाचे बायोडाटे टाइप करते.
तीस रुपये पान, फोटो लावून चाळीस.
वर गणपती, मग नाव, जन्मवेळ, उंची,
आणि मुलींच्या नमुन्यात सहावा रकाना: स्वभाव.
(मुलांच्या नमुन्यात त्या जागी 'अपेक्षा' आहे.
नमुना मीच केलेला.)

तिथे मी 'सालस' टाकते,
कुणी सांगितलं नाही तरी.
चौदा वर्षांत इतक्यांदा टाकला
की आता नुसतं 'सा' दाबलं
तर कॉम्प्युटर उरलेला शब्द पुढे करतो,
खाली मान घालून.

मे महिन्यात, दुपारी दोनला,
गोळीबार चौकातून श्यामराव निखाडे आले.
मागे मुलगी, तोंडाला दुपट्टा.
कूलरची टाकी रिकामी, वाळा कडकडीत.
"लिहा," ते म्हणाले, "पोट्टी गरीब हाय."

मी कर्सर उत्पन्नाच्या रकान्यात नेला.

"तिथं नाही ना बाई!
स्वभावानं म्हणून राह्यलो मी."
आणि समजावायला बसले, विणकर माणूस:
गरीब सूत कसं असते,
ताणलं का ताणू देते, फणीत कुरकुर नाही.
त्यांच्या साळ्याचा बैल, पारशिवनीचा,
चार वर्षांचं पोरगंही त्याची वेसण धरते.
"तसं."

बैल, सूत आणि सुचिता, एकाच दमात,
आणि खरं सांगते, तिघांवरही माया होती त्यांची.

मी म्हटलं, काका, कागदावर 'गरीब' बरं दिसत नाही,
लोक आधी घर बघतात. सालस करते.
"अर्थ तोच ना?"
मी हो म्हटलं.

तो नव्हता. सालस हा इस्त्रीचा शब्द,
गरीब अंगावरचा, घाम आलेला.
पण एक गोष्ट दोघांची सारखी:
'मी सालस आहे' असं म्हणणारं माणूस
मला आजवर भेटलं नाही.
हा शब्द दुसरंच कुणीतरी लावतं,
बहुधा ज्याचं काम सोपं झालेलं असतं ते.

श्यामराव सुट्टे आणायला बाहेर गेले.
तेव्हा तिनं कोपऱ्यातली बादली उचलली,
कूलरमध्ये ओतली. वाळ्याचा वास सुटला.
"ताई, मी मेडिकलला नाइट करते.
दारू उतरताना माणसं चावतात.
मी त्यांचे हात खाटेला बांधते,
आणि रात्रभर उठून पाहते
पट्टी काचत तर नाही ना."
मनगटावर दातांची खूण होती, जुनी, अर्धगोल.
"तो शब्द काढा."

मग काय लिहू?

ती बराच वेळ कूलरकडे बघत राहिली.
"ऐकते, एवढंच लिहा.
कोणाचं, ते नका लिहू."

मी बॅकस्पेस दाबला. चार वेळा दाबावा लागतो.

श्यामरावांनी कागद हातभर लांब धरला,
बोट ठेवून वाचला.
"ऐकते. बराबर," ते खूश होऊन म्हणाले,
"हेच तर सांगून राह्यलो होतो केव्हाचा."
मुलीनं दुपट्टा पुन्हा तोंडाला बांधला.
ती हसली का, ते मला दिसलं नाही.

रात्री मी शब्दकोश काढला.
गरीब: मूळ अरबी. परका, परमुलखातला.
आपल्याकडे पोचेपर्यंत तो दीन झाला,
मग गाईला लागला, मग आम्हाला.

माझ्या वेळी बायोडाटे नव्हते.
वडिलांनी पोस्टकार्ड टाकलं होतं भंडाऱ्याला,
निळ्या शाईत, शेवटच्या ओळीत:
मुलगी गरीब आहे, सांभाळून घ्यावे.

ते कार्ड अजून सासरच्या कपाटात आहे.
तेवीस वर्षं त्या घरात
मी चमचे कुठे ठेवतात ते विचारते.